एका अक्षराचं अंतर

रोवणी आटोपली की अर्जुनी-मोरगावकडच्या बांध्या नजर पोचेल तिथवर एकसारख्या हिरव्या होतात. पण त्या हिरवाईतलं प्रत्येक धान म्हणजे सुमारे ३९ कोटी अक्षरांचा मजकूर आहे, चारच रासायनिक अक्षरांत लिहिलेला. एवढ्या अक्षरांच्या मांडण्या किती होतील, हा विचारही पेलवत नाही. या मजकुरावरून घडणारं शंभर अमिनो आम्लांचं एक लहानसं प्रथिन घेतलं, तरी शक्य मांडण्या एकावर १३० शून्यं इतक्या होतात. त्यातल्या बहुतेक निरुपयोगी. मग जीवसृष्टीला कामाच्या मांडण्या सापडल्या तरी कशा?

उत्क्रांतिशास्त्रज्ञ जॉन मेनार्ड स्मिथ यांनी १९७० साली याचं उत्तर मांडलं. उत्क्रांतीला सगळं रान धुंडाळावं लागत नाही. एका तग धरणाऱ्या मांडणीवरून ती शेजारच्या तग धरणाऱ्या मांडणीवर जाते, एकेक अक्षर बदलत. चिखलाच्या बांध्यांतून धुऱ्याधुऱ्यानं वाट काढावी तशी. कित्येक बदलांनी वरवर काहीच घडत नाही. तरी त्यांमुळे समूह दूरवर पांगतो आणि प्रत्येकाच्या आसपास नव्या शक्यता येतात.

पाणथळीतल्या रानधानाचे दाणे पिकताच गळतात. त्याच्या वंशासाठी ते बरंच. कापणाऱ्याच्या हाती मात्र काही लागत नाही. शेतातल्या धानाचे दाणे लोंबीला धरून राहिले, त्यात एका जनुकातल्या एकाच अक्षराच्या बदलाचा मोठा वाटा होता, हे २००६ साली उलगडलं. माणसाच्या हजारो वर्षांच्या भातशेतीला त्या अक्षराचा आधार आहे.

चंद्रपूर जिल्ह्यात, नांदेड गावी, शेतकरी दादाजी खोब्रागडे यांना १९८३ साली ‘पटेल ३’ धानात काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या निगुतीनं वेगळ्या पेरल्या, वर्षानुवर्षं निवडल्या आणि त्यातून एचएमटी धान आलं. वेगळेपण शेतात आपसूक उगवलं होतं. ते ओळखणारी नजर दादाजींची होती.

म्हणून चिन्नोरसारखी जुनी वाणं मला केवळ चवीसाठी मोलाची वाटत नाहीत. सगळीकडे एकच वाण पेरलं, तर सगळं पीक शक्यतांच्या एकाच ठिकाणी उभं राहतं. उद्याचा रोग किंवा लांबलेला पाऊस तिथेच येऊन थडकला, तर सरकायला शेजार उरत नाही. बियाणं शीतपेटीत ठेवलं तर अक्षरं टिकतात, पण बदलत्या हवेशी त्यांची गाठ पडत नाही. ती शेतातच पडते. जुनी वाणं पेरत राहणारा शेतकरी हा शोध चालू ठेवतो, आणि त्याची किंमत त्याच्या एकट्याच्या पदरी पडू नये.