साल्हेरची सॅक

साल्हेर किल्ल्याच्या माथ्यावर मुक्काम ठरला की आमच्या घरात पहिला प्रश्न सॅकचा नसतो, दशम्या किती करायच्या हा असतो. पीठ दुधात मळायचं, पाण्याचा थेंब लावायचा नाही. म्हणून त्या दुसऱ्या दिवशीही मऊ राहतात. सोबत शेंगदाण्याची सुकी चटणी. कळण्याची भाकरी आणि ठेचा मला जास्त आवडतो, पण ठेच्याचं तेल फडक्यातून झिरपतं आणि मग दोन दिवस स्वेटरला लसणाचा वास. ठेचा एसटीतच संपवायचा. एरंडोलहून धुळे, साक्री, पिंपळनेर, ताहाराबाद करत पायथ्याच्या वाघांब्याला पोचेपर्यंत भूक लागतेच.

खरी ओढाताण पांघरुणाची. एरंडोलला डिसेंबरातही दुपारी ऊन चटके देतं, तेव्हा जाड स्वेटर भरताना हात मागे येतो. पण साल्हेर १५६७ मीटर उंच. राज्यात याहून उंच किल्ला नाही. रात्री माथ्यावरच्या गुहेत गारठा वरून कमी, खालच्या दगडातून जास्त चढतो. म्हणून एक चादर कमी घेईन, पण अंथरायची मॅट सोडणार नाही.

सॅकमध्ये आधी साखरेच्या पोत्यातली आतली प्लास्टिक पिशवी, मग पाण्याच्या बाटल्या सोडून सगळं सामान तिच्यात. दुकानातलं महागडं रेनकव्हर वरून येणारं पाणी अडवतं. आतली बाटली सांडली तर काय? तळाला पांघरूण, कारण ते रात्रीच लागतं. जड ते पाठीला चिकटून, दोन खांद्यांच्या मध्ये. पाण्याच्या बाटल्या बाहेरच्या कप्प्यात ठेवल्या की सॅक मागे ओढते आणि कातळातल्या पायऱ्यांवर तोल जातो. टॉर्च मात्र अगदी वर, अंधारात चाचपडून सापडेल असा.

पाण्यात काटकसर नाही. एक लिटर म्हणजे एक किलो, तरी चढाईपुरतं खालूनच भरून न्यायचं. माथ्यावर गंगासागर तलाव आहे, पण त्यातलं पाणी मी उकळल्याशिवाय पीत नाही.

भरलेली सॅक घेऊन आदल्या रविवारी पद्मालयापर्यंत चालत जातो. डाव्या आणि उजव्या सोंडेच्या दोन्ही गणपतींचं दर्शन होतं आणि कुठला पट्टा काचतो तेही कळतं. कमरेचा पट्टा घट्ट बसला की ओझं खांद्यांवरून कमरेवर उतरतं. पुष्कळ जण तो नुसता लोंबकळत ठेवतात, हे मला अजून उमगलेलं नाही.

निघताना आजी सॅक उचलून पाहते. ‘‘इतलं वझं लिसन कथा जास रे?’’ असं म्हणते आणि वरच्या कप्प्यात गुळाचा खडा कोंबते. सगळं सामान तोलूनमापून भरलेलं असतं, पण त्या खड्याचं वजन मी धरत नाही.