"ह्या पायाला मी हात लावणार न्हाई"

नेहमी मी इथं खड्डे, गटारं आणि नळाला न येणारं पाणी यावर लिहिते. आज मालीशवर लिहितेय. हसू नका, हाही सार्वजनिकच विषय आहे.

मागच्या पावसाळ्यात लेक बाळंतपणाला माहेरी, सांगलीला आली. सिझर झालं, पाचव्या दिवशी घरी सोडलं. कागदावर गोळ्या, टाके, पुढची तारीख, सगळं लिहिलेलं. मालीशचं विचारलं तर उत्तर मिळालं, "काही गरज नाही, जुन्या पद्धती आहेत त्या." बास. कधीपासून चालेल, कुठं करू नये, काय दिसलं तर थांबायचं, एक शब्द नाही. बाळंतीण घरी आली की आपल्याकडं मालीश होणारच, हे काय त्यांना माहीत नसेल?

तर मावशी यायला लागल्या. आमच्या भागातल्या निम्म्या पोराबाळांच्या अंगाला यांचा हात लागलाय. सकाळी साडेआठला यायच्या, तेल कोमट करायच्या, आणि टाके भरेपर्यंत पोटाला हात लावायचा नाही ही अट त्यांनीच घातली. आधी पाठ, मग खांदे, मान. बाळाला पाजून पाजून लेकीचे खांदे दगड झाले होते. रात्री दोन-दोन तासांच्या तुकड्यांत झोपणारी पोरगी मालीश झाली की गाढ झोपायची. त्या आठवड्यात ती उगाचच रडायची. मालीश करून घेताना मात्र बोलायची. मावशी नुसतं "हूं, हूं" करायच्या. ते "हूं" मला जमलं नसतं, मी लगेच उपदेश केला असता.

आमची भांडणंही झाली. धुरी मी बंद केली, बंद खोलीत आठ दिवसांच्या बाळाला धूर कशाला? बाळाच्या नाकात तेल सोडायलाही मनाई केली, ते फुप्फुसात जाऊ शकतं. मावशी दोन दिवस फुगून होत्या.

अकराव्या दिवशी डाव्या पोटरीशी त्यांचा हात थांबला. उलट्या हातानं दोन्ही पाय चाचपून बघितले. म्हणाल्या, "बाई, ह्यो पाय गरम लागतोय. सुजलाय बी एकच. ह्या पायाला मी हात लावणार न्हाई. दवाखान्यात न्या. उद्या न्हाई, आत्ता."

लेक म्हणत होती, वळ आलाय, जरा चोळा ना. मीही तेच म्हणणार होते. दुपारी डॉपलर सोनोग्राफी झाली. पायाच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी. बाळंतपणानंतरचे सहा आठवडे हा धोका जास्त असतो, सिझरनंतर आणखी. गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर माणूस जातं, म्हणून तसा पाय चोळायचा नसतो. रक्त पातळ करायची इंजेक्शनं सुरू झाली. आज लेक ठणठणीत आहे.

नंतर मी मावशींना विचारलं, तुम्हाला कसं कळलं? म्हणाल्या, "एका घरी असंच झालं होतं. तवा मी चोळलं होतं." पुढं त्या बोलल्या नाहीत, मीही विचारलं नाही.

तेव्हापासून मालीशबद्दल मिळेल ते वाचतेय. बाजारात जे बोर्ड लागलेत, 'शरीरातील विषारी द्रव्ये बाहेर काढा', ती थाप आहे. ते काम लिव्हर आणि किडनी करतात. पण मालीशचा उपयोग खरा आहे. २०११ साली अमेरिकेत जुनाट कंबरदुखीच्या ४०१ लोकांवर झालेला अभ्यास छापून आला. दहा आठवडे, आठवड्यातून एकदा मालीश. नेहमीच्या उपचारांवर असलेल्यांपेक्षा या लोकांचं दुखणं कमी झालं, हालचाल सुधारली. वर्षभरानं मात्र तो फायदा बराच ओसरला होता. म्हणजे मालीश दुखणं मुळातून काढत नाही, पण माणसाला हलतं ठेवते. तिथल्याच डॉक्टरांच्या संघटनेनं २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत नव्या कंबरदुखीला गोळ्यांच्या आधी शेक आणि मालीश सुचवलीय. अकाली जन्मलेल्या बाळांवर १९८६ साली प्रयोग झाला, त्यात हलक्या हातानं मालीश केलेल्या बाळांचं वजन रोज ४७ टक्के जास्त वाढलं. प्रयोग छोटा होता, पण आपल्या आज्या ऐकून हसल्या असत्या.

लेक सासरी गेल्यावर मी स्वतःची कंबर मावशींच्या हवाली केली. तीस वर्षं फळ्यासमोर उभी राहून आखडलेली कंबर. महिन्याभरानं खाली वाकून बादली उचलता आली, एवढं सांगते. जास्त सांगितलं तर मीच बोर्ड लावला असं व्हायचं.

आता मूळ मुद्दा. आशाताई नवजात बाळासाठी ४२ दिवसांपर्यंत घरी येतात. मालीशवालीही सव्वा महिना, म्हणजे जवळजवळ तेवढेच दिवस येते, आणि ती रोज येते. बाळंतिणीचं अंग रोज बघणारी ती एकमेव बाई. आमच्या उंबऱ्यावर दोघींची गाठ पडायची, एक आत येताना दुसरी बाहेर. एकीला प्रशिक्षण आहे, रजिस्टर आहे. दुसरीला कुणी एक तासही बसवून सांगितलेलं नाही की एकच पाय सुजला, ताप आला, अंगावरून फार जायला लागलं, तर हात थांबवायचा. मावशींना ते ज्या किमतीला कळलं, तशी किंमत अजून किती घरांनी द्यायची? आरोग्य केंद्रात महिन्यातून एक दुपार या बायकांना बोलवायला खर्च येतो तो चहाचा.

आणि त्यांचं काय? आई-बाळाचे मिळून रोज ३०० रुपये घेतात. घरेलू कामगारांसाठी राज्यात २००८ चा कायदा आहे, कल्याण मंडळ आहे. मावशींनी नावच घातलं नव्हतं. कुणी सांगितलंच नाही, आणि दर सव्वा महिन्याला घर बदलणारीला कामाचा दाखला कोण देणार? नोंदणी साठीपर्यंतच होते. आधार कार्डावर मावशी ६३ वर्षांच्या आहेत. अंगठ्याचे सांधे इतके दुखतात की चहाचा कप दोन्ही हातांनी धरतात.

त्यांची सून हेच काम शिकतेय. वय ३४. तिला मी दाखला लिहून दिलाय, आणि ती ज्या दोन घरांत आधी गेली होती त्यांनीही दिला. तुमच्या घरी बाळंतिणीला, म्हाताऱ्या माणसांना मालीश करायला कुणी येत असेल, तर तिचं वय विचारा आणि साठीच्या आत असेल तर दाखला लिहून द्या. मजकूर काय लिहायचा ते मी कॉमेंटमध्ये टाकते.