खेचर

माझ्या गाडीला गावात कुणी गाडी म्हणत नाही. "नाना, उद्या खेचर मोकळं हाय का?" असंच विचारतात. हे नाव मी ठेवलेलं नाही. पुण्याच्या एका साहेबांनी रागाच्या भरात ते तोंडातून काढलं आणि आमच्या मिस्त्रीनं चार दिवसांत गावभर केलं.

मूळची ती जीप. दुसऱ्या महायुद्धातली, विलीज कंपनीची. लढाई संपल्यावर लष्करानं लिलावात काढलेल्या गाड्यांना लोक 'डिस्पोजल' म्हणायचे, त्यातली ही एक. चार हातांतून फिरत फिरत बहात्तरच्या दुष्काळात ती एका ठेकेदाराकडं आली होती. त्याच्या रस्त्याच्या कामावर आबांची बैलगाडी मुरूम ओढायला होती. अकरा आठवड्यांचं भाडं थकलं. काम संपून ठेकेदार निघाला, तेव्हा आबा जीपच्या पुढं मांडी घालून बसले, ते उठेचनात. त्याच्याकडं पैसे नव्हते की द्यायचे नव्हते, देव जाणे. शेवटी बंद पडायला आलेली ती जीपच त्यानं आबांच्या गळ्यात मारली. आबांनी बैलं जुंपून ती घरी ओढत आणली. मी तेव्हा बारा वर्षांचा. बैलांच्या मागं जीप, आणि जीपच्या मागं आम्ही पोरं. आई दारात उभी होती. म्हणाली, "पैसं आणाय गेलता न्हवं?"

थोरल्या दादानं ती काही वर्षं चालवली. पण पेट्रोल प्यायची म्हणजे अशी की, बाजारला जाऊन येण्यापेक्षा बाजारच घरी मागवलेला स्वस्त. शेवटी ती गोठ्यामागं कडुनिंबाखाली उभी राहिली, ती पंचवीसएक वर्षं. या जीपची टाकी ड्रायव्हरच्या बुडाखाली असते. तेल घालायचं तर बैठक उचलावी लागते. आमच्या कोंबड्यांनी ती बैठक अंडी घालायला धरली. नातेवाईक विचारायचे, भंगारात का देत नाही? आबा एकच उत्तर द्यायचे, "तिच्याकडनं माझं अकरा आठवड्यांचं भाडं यायचंय अजून."

मला तिची आठवण झाली ती द्राक्षामुळं. दोन एकर बाग. ऑक्टोबर छाटणी झाली, घड बाहेर पडले, फुलोऱ्यात आले आणि त्यात अवकाळी पाऊस आला की डावणी एका रात्रीत बसते. पाऊस उघडल्या उघडल्या फवारणी झाली तर बाग राहते. माझ्याकडं ट्रॅक्टर नाही. भाड्याचा सांगावा, तर त्याचा मालक आधी स्वतःची बाग मारणार, मग भावकीची, मग पाहुण्यांची. माझा नंबर दुसऱ्या दिवशी दुपारी. एका वर्षी असंच झालं आणि घडांची निव्वळ राख हातात आली. त्या रात्री गोठ्यात बसलो असताना समोर ती जीप दिसली. दुसऱ्या दिवशी मी टेप घेऊन गेलो. रुंदी पाच फूट दोन इंच. माझ्या दोन ओळींत नऊ फूट.

विट्याच्या मिस्त्रीला बोलावलं. त्यानं खालून बघितलं आणि म्हणाला, "नाना, हिच्या ट्रान्सफरच्या मागं पीटीओची जागा हाय. हे लढाईचं यंत्र न्हाई नुसतं, शेतीचंबी हाय." त्याचं खरं होतं. युद्ध संपायच्या सुमाराला विलीजनं नागरी जीप काढली, ती शेतकऱ्यापुढंच ठेवली. नांगर ओढा, पट्टा लावा, मळणी करा म्हणून. म्हणजे मी जे करणार होतो त्यात जगावेगळं काही नव्हतं, फक्त सत्तर वर्षं उशीर झाला होता.

याच दरम्यान पुण्याचे साहेब आले. त्यांना जीपचा पत्ता कुठून लागला कोण जाणे. माणूस सभ्य. असल्या गाड्या नट-बोल्टासकट जशाच्या तशा उभ्या करायच्या, हा त्यांचा छंद. चिखलात बिनदिक्कत आडवे पडले आणि तासभर खालून वर आले नाहीत. त्यांनी मला माझीच जीप दाखवली. पुढचे दिवे एक चावीचा नट सोडला की आत वळतात आणि रात्री इंजिनावर उजेड पाडतात, हे आम्हाला चाळीस वर्षांत माहीत नव्हतं. दादा त्या वेळी तोंडात बॅटरी धरून कार्बोरेटर साफ करायचा! मग त्यांनी एक बोल्ट पुसला आणि त्यांचा चेहरा जरा पडला. त्यावर 'एफ' होता. युद्धात हीच जीप फोर्डनंही बनवली, आणि फोर्ड आपल्या बोल्टांवरसुद्धा आपलं अक्षर उमटवायचं. "कुठल्या तरी लष्करी वर्कशॉपमध्ये फोर्डचे भाग घातलेत," ते म्हणाले.

मिस्त्री पटकन बोलला, "म्हंजे आधीच भेसळ झालीया की सायेब."

साहेब हसले नाहीत. त्यांनी बॉनेटवर थुंकी लावून बोट घासलं. ठेकेदाराच्या पिवळ्या रंगाखाली हिरवा आणि त्यावर पांढरे आकडे. "लष्करी नंबर आहे. हा अजिबात घासू नका," ते म्हणाले, आणि अडीच लाख रुपये देतो म्हणाले.

अडीच लाख! तेवढ्यात जुना छोटा ट्रॅक्टर आला असता, वर पंपही. आमची मंडळी चहा घेऊन आली होती, तिनं कप ठेवता ठेवता माझ्याकडं जे बघितलं त्याचा अर्थ मला कळला. हिशेबानं ती बरोबर होती. मी आबांकडं बघितलं. आबा तेव्हा अठ्ठ्याऐंशीचे, बाजेवर बसलेले. म्हणाले, "इकायची का ऱ्हाऊ द्यायची ते तू बघ. पण ती माझं देणं हाय. तिनं राबून फेडाय पायजे."

मी साहेबांना माझा बेत सांगितला. डिझेल इंजिन घालणार, सांगाडा दीड फूट लांबवणार, मागं पिकअपसारखा हौदा, त्यात पाचशे लिटरची टाकी, पीटीओवर पंप. साहेब उठून उभे राहिले. "अहो, जातिवंत घोड्याचं खेचर करताय तुम्ही! असल्या गाड्या आता किती राहिल्यात? तुमच्यासारख्यांच्या हातात पडल्या म्हणूनच संपल्या."

'तुमच्यासारख्यांच्या' हा शब्द मला लागला. ते गेल्यावर मी ग्राइंडरला चकती लावली आणि बॉनेट पत्र्यापर्यंत घासून काढलं. मिस्त्रीच्या पोरानं घासलं असं मी पुढं लोकांना सांगत आलो. आज लिहितो, मीच घासलं, आणि मुद्दाम घासलं.

पुढं आठ महिने काम चाललं. एका भंगारवाल्याकडून ५४० जीपचं पुजो डिझेल इंजिन घेतलं, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफरसकट, कारण जुना गिअरबॉक्स डिझेलचा जोर पेलणार नाही असं मिस्त्रीचं मत पडलं. ताकद कागदावर दोन्ही इंजिनांची साठ घोड्यांच्या आसपासच. पण डिझेल खालच्या गतीला ओढतं, आणि शेतात तेच लागतं. मूळ जीप पाव टन ओझ्याची. पाचशे लिटर पाणी म्हणजे त्याच्या दुप्पट. मागचा धुरा बदलला, पाटे वाढवले, सांगाडा कापून आतून पट्ट्या घालून जोडला. स्टिअरिंग डावीकडंच ठेवलं.

पहिल्या दिवशी निम्मं गाव बघायला. मी ओळीत घातली आणि नळीतून पोराच्या मुतासारखी धार! पीटीओ तिथं गिअरबॉक्सच्या मागून फिरतो. पहिल्या गिअरात, चालीच्या वेगात, पंपाला लागतात त्याच्या निम्मेच फेरे मिळत होते. आम्ही दोन्हीकडं सारख्याच पुल्या घातलेल्या. लोक हसत घरी गेले. रात्री मिस्त्रीनं पंपावर निम्म्या मापाची पुली चढवली, आणि सकाळी दाब असा आला की वरच्या मांडवाची पानं पांढरी झाली. आबांना बाजेसकट बांधावर आणलं होतं. ते म्हणाले, "हां. आता चालू झाली फेड."

सगळं मिळून एक लाख नव्वद हजार गेले. अडीच लाख सोडले ते वेगळे. मंडळींनी हा आकडा अजून विसरलेला नाही. पण त्या साली फुलोऱ्यात पाऊस झाला आणि पहाटे साडेचारला माझी बाग मारून झालेली होती. नंतर भावकीतल्या दोघांची मारली. त्यांचंही भाडं थकलं, ते जाऊ दे.

खेचर पाणंदीनं शेतात जातं, डांबरी रस्त्यावर नेत नाही. तिची कागदं आबांच्या नावावर कधी झालीच नाहीत, आणि २०१९ साली सुप्रीम कोर्टानंही सांगितलं की कंपनीनं बनवलेल्या गाडीत असले मोठे बदल चालणार नाहीत. मला ते पटतं. माझ्या ब्रेकवर मी माझ्या नातवाला शाळेत सोडणार नाही.

आबा २०१८ ला गेले. साहेब परत आले ते २०२२ च्या द्राक्ष हंगामात, कुणाकडं तरी जाता जाता. आता पन्नास वर्षांवरच्या मूळ स्थितीतल्या गाड्यांना सरकार वेगळा 'व्हीए' नंबर देतं, एवढं सांगितलं. पुढचं बोलले नाहीत. हौद्यात क्रेट भरलेले होते. ते गाडीभोवती फिरले. पुढचे दिवे मी तसेच ठेवलेत. त्यांनी नट सैल केला, दिवा आत वळवला आणि पहिल्यांदा हसले. "वापरता?" मी म्हणालो, "पहाटे रोज लागतो." मग त्यांचा हात बॉनेटवर गेला.

"नंबर?"

"घासला."

त्यांनी मान हलवली. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. जाताना पाच किलो द्राक्षं दिली, ती घेतली. पैसे देऊ लागले, मी घेतले नाहीत.

तो नंबर मी एकदाच बघितला होता, थुंकीनं ओला झालेला, अर्धा मिनिट. त्या नंबरावरून गाडीचा ठावठिकाणा लागतो म्हणतात. सुरुवातीला वीस होतं, एवढं पक्कं. पुढचा आकडा मी तीन म्हणतो आणि मिस्त्री आठ म्हणतो. त्याच्यापुढं दोघांनाही काही आठवत नाही.