पडद्यावरील पाऊस

संस्कृत शिकविणाऱ्या मास्तरानें सिनेमावर लिहावें हें कित्येकांस विचित्र वाटेल. दुपारीं मी वर्गांत शब्दरूपें पाठ करून घेत असें आणि संध्याकाळीं त्याच विद्यार्थ्यांच्या मागल्या रांगेंत बसून चित्रपट पाहत असें. एकमेकांस न पाहिल्याचें सोंग आम्ही दोन्ही पक्ष निमूटपणें वठवीत असूं. ही खोड मला वडिलांपासून लागली. अप्पा बळवंत चौकाजवळच्या प्रभात चित्रगृहांत 'संत तुकाराम' पुन्हां लागला कीं ते आम्हां भावंडांस घेऊन जात. तो बोलपट १९३६ सालचा. मीं प्रथम पाहिला तेव्हां त्याला तीस वर्षें होऊन गेलीं होतीं. पडद्यावर उभ्या रेघांची सर सारखी कोसळत होती, आणि माझी बालबुद्धि अशी, कीं देहूला त्या दिवशीं पाऊस पडत असावा. मीं तसें विचारलेंहि. वडील म्हणाले, "देहूला नव्हे रे, फिल्मवर." या उत्तराचा अर्थ कळावयास मला पुढें वीस वर्षें लागलीं.

तो कळविणारा माझाच एक विद्यार्थी निघाला. संस्कृतांत त्याला पासापुरतेहि गुण कधीं मिळाले नाहींत. राम शब्द चालवितांना तो तृतीयेपाशीं हटकून अडखळे. परंतु त्याची बुद्धि हातांत होती. शाळा सुटल्यावर तो पेठेंतील एका चित्रगृहांत मदतनीस म्हणून लागला आणि पुढें परीक्षा देऊन ऑपरेटरचा सरकारी परवानाहि त्यानें मिळविला. एके दिवशीं रस्त्यांत भेटला, वांकून नमस्कार केला आणि म्हणाला, "सर, माझा वर्ग बघायला या कीं!" मी गेलों.

लोखंडी जिना चढून वर गेल्यावर जी खोली लागली तिच्यांत भट्टीसारखी धग होती. दोन अवजड यंत्रें शेजारी शेजारी उभीं. त्यांच्या पोटांत कार्बनच्या दोन कांड्यांमध्यें डोळे दिपविणारी ज्योत. एका सेकंदास चोवीस चित्रें, एका मिनिटास नव्वद फूट फिल्म. अडीच तासांच्या चित्रपटाची लांबी साडेतेरा हजार फूट, म्हणजे अडीच मैलांहून अधिक! एक रीळ सुमारें वीस मिनिटें चाले. तें संपत आलें कीं पडद्याच्या वरील उजव्या कोपऱ्यांत क्षणभर एक ठिपका चमके. तो दिसतांच दुसरें यंत्र सुरू करावयाचें. सात-आठ सेकंदांनीं दुसरा ठिपका येई. त्या ठिपक्याला प्रकाश एका यंत्रावरून दुसऱ्यावर न्यावयाचा. हें इतक्या बिनबोभाट व्हावयास हवें, कीं खालीं रडणाऱ्या बाईच्या डोळ्यांतील अश्रु मध्येंच थबकतां कामा नये. पावसाचें रहस्यहि तेथेंच उलगडलें. फिल्म दांत्यांवरून शेंकडों वेळां फिरली कीं तिच्यावर धुळीनें बारीक चरे पडतात, आणि तेच आपल्याला पावसासारखे दिसतात. आणखी एक गोष्ट ऐकून तर मी थक्क झालों. एक चित्र सरकून दुसरें येईपर्यंत पुढें झांकण फिरतें, त्यामुळें प्रेक्षक जवळजवळ निम्मा वेळ अंधारांतच बसलेला असतो, आणि डोळ्यांना तें कळत नाहीं. आयुष्यांतील किती तास मीं पैसे देऊन काळोख पाहिला असेल, याचा हिशेब मीं मुद्दामच केला नाहीं.

त्या दिवसापासून माझें एक नुकसान मात्र झालें. तो ठिपका पूर्वीं मला कधीं दिसला नव्हता, तो आतां दर वीस मिनिटांनीं दिसूं लागला. नायिका प्राण सोडीत असली तरी माझी नजर उजव्या कोपऱ्यांत.

पुढें मल्टिप्लेक्सचे दिवस आले. हिंदुस्थानांत ही तऱ्हा १९९७ सालीं दिल्लीस साकेत येथें सुरू झाली आणि नव्या शतकाच्या आरंभीं पुण्यांत येऊन पोहोंचली. आम्ही तोंवर सदाशिव पेठ सोडून कोथरुडास राहावयास गेलों होतों. एका छपराखालीं चार-पांच पडदे, मऊ खुर्च्या, आणि लाह्यांना सोन्याचा भाव! घरून नेलेला चिवडा दारावरच्या पोऱ्यानें काढून घेतला, तेव्हां आमची सौ. त्याला म्हणाली, "जपून ठेव हो, मोजून घेणार आहें परत." असो. २००४ सालीं 'श्वास' मीं अशाच ठिकाणीं पाहिला. डोळे जाणार असलेल्या नातवाला शस्त्रक्रियेपूर्वीं जग दाखवावें म्हणून धडपडणारा तो आजोबा पाहून मीहि रुमाल काढला. पडद्यावर तेव्हां फिल्मच होती. ठिपके जागच्या जागीं होते. माझा विद्यार्थीहि वर्षभरांत तेथेंच नोकरीस लागला. तेथें म्हणे सबंध चित्रपट एकाच मोठ्या आडव्या तबकडीवर गुंडाळून ठेवीत आणि रीळ बदलण्याची कटकट उरली नव्हती.

२०१० च्या जानेवारीअखेर 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' लागला. दादासाहेब फाळक्यांनीं १९१३ सालीं 'राजा हरिश्चंद्र' कसा केला, त्या खटपटींत मध्यंतरीं त्यांची दृष्टि कशी गेली आणि उपचारांनीं कशी परत आली, हें सारें त्यांत मोठ्या मौजेनें दाखविलें आहे. मध्यंतर झालें तरी मला एकहि ठिपका दिसला नाहीं. रेघा नाहींत, चित्राची थरथर नाहीं. पडदा भिंतीवरच्या तसबिरीसारखा निश्चल. बाहेर आल्यावर विद्यार्थ्याला विचारलें. तो हंसून म्हणाला, "सर, आज वर फिल्म नव्हतीच." फिल्म जन्मास घालणाऱ्या पुरुषाची कथा मीं फिल्मवांचून पाहिली होती!

त्यानें मला सगळें समजावून सांगितलें. चित्रपट आतां पेटींतून येतो किंवा उपग्रहावरून छपरावरच्या तबकडींत उतरतो, आणि संगणकांत साठविला जातो. यंत्रांत नखाएवढ्या चकतीवर बावीस लाखांहून अधिक सूक्ष्म आरसे असतात, प्रत्येक आरसा पडद्यावरील एका बिंदूचा धनी. तो इकडे कलला तर उजेड, तिकडे कलला तर अंधार. अशा तीन चकत्या, तीन रंगांच्या. ऐकून मी दिङ्मूढ झालों. या योजनेंतील न्यायहि मला मान्य केला पाहिजे. पूर्वीं मराठी निर्मात्याला फिल्मच्या प्रती काढणें परवडत नसे. मोजक्या प्रती गांवोगांव फिरत आणि कोंकणांतील माझ्या धाकट्या बहिणीच्या तालुक्याला पोहोंचेपर्यंत त्यांवर आषाढ कोसळत असे. आतां पुण्यांत शुक्रवारीं लागलेला चित्रपट तिच्या गांवीं त्याच शुक्रवारीं लागतो, आणि तो मला सांगण्यापूर्वीं तीच मला फोनवर त्याचा शेवट सांगून मोकळी होते.

नव्या विद्येचीं विघ्नेंहि नवीं. एकदां पहिल्याच खेळाला आम्ही सारे बसून राहिलों आणि पडदा मात्र कोरा. चित्रपट संगणकांत होता, परंतु तो उघडण्याची जी गुप्त किल्ली दुरून पाठवितात, ती आली नव्हती. किल्लीलाहि मुदत असते. अमुक तारखेच्या अमुक घटिकेपूर्वीं ती चालत नाहीं आणि नंतरहि नाहीं. माझा विद्यार्थी हातांत फोन घेऊन येरझारा घालीत होता. मंत्र आहे, देवता आहे, आणि विनियोगाचा मुहूर्त तेवढा नाहीं, अशी त्याची स्थिति. पूर्वीं फिल्म तुटली तर तो दोन मिनिटांत जोडीत असे. येथें जोडावयाला हातांत कांहींच नव्हतें.

आतां जें सांगावयाचें तें सांगतांना मला आजहि संकोच वाटतो.

२०१२ च्या पावसाळ्यांत मला पडद्यावरील चित्र मळकट दिसूं लागलें. पांढऱ्या शुभ्र साडीवर चहा सांडल्यासारखा रंग, आणि रात्रीच्या प्रसंगांत तर कोण बोलतें आहे तेंहि कळेना. दिव्याचें आयुष्य संपत आलें तरी काटकसरीखातर तो बदलीत नाहींत, असें मीं कोठें तरी वाचलें होतें. मीं व्यवस्थापकाकडे लेखी तक्रार केली. गळ्यांत टाय बांधलेल्या त्या तरुणानें ती अदबीनें घेतली. पुढच्या महिन्यांत पुन्हां केली, आणि दिवाळींत तिसऱ्यांदा, जरा खरमरीत भाषेंत. सौ. म्हणे, "अहो, मला तर स्वच्छ दिसतें आहे." तिच्या समाधानी वृत्तीवर मीं एक व्याख्यान दिलें.

तिसऱ्या तक्रारीनंतर विद्यार्थी घरीं आला. खुर्चीच्या कडेवर बसला आणि बराच वेळ कांहींच बोलेना. मग म्हणाला, "सर, दिवा गेल्या महिन्यांतच नवा घातला. उजेड मोजला, बरोबर आहे. तुम्ही जरा उजवा डोळा झांका बघूं." मीं झांकला. "आतां डावा झांका. भिंतीवरचें कॅलेंडर कसें दिसतें?"

दोन डोळ्यांना दोन कॅलेंडरें दिसलीं.

वयाच्या मानानें लवकरच, परंतु दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदु धरला होता. प्रथम उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. पट्टी निघाल्यावर मीं आळीपाळीनें डोळे झांकून धोतराकडे पाहिलें. एका डोळ्याला तें निळसर शुभ्र, दुसऱ्याला पिवळट. भ्रमाचें उदाहरण म्हणून आमच्या शास्त्रकारांनीं पिवळा शंख सांगितला आहे. शंख पांढराच असतो, दोष पाहणाऱ्याच्या डोळ्यांतील पित्ताचा. हें उदाहरण मीं वर्षानुवर्षें मुलांना दिलें आणि टाळ्या घेतल्या, आणि माझ्याच डोळ्यांतला शंख मला ओळखतां आला नाहीं. ज्याला तृतीया येत नव्हती त्यानें तो ओळखला.

तेवढ्यावर प्रकरण संपतें तर तें हंसण्यावारी नेतां आलें असतें. त्या तिन्ही तक्रारी, मला मागाहून कळलें, ज्याच्या पाळींत झाल्या त्याच्या नांवावर चढविल्या होत्या, आणि तिन्ही वेळां पाळी त्याचीच होती. मीं ताबडतोब पत्र लिहून त्या मागें घेतल्या, दोष सर्वस्वीं माझ्या नेत्रांचा होता असें नमूद केलें. पत्राची पोंच आली. परंतु काळ कोणाच्या पत्राची वाट पाहत नव्हता. कोडॅक कंपनीनें २०१२ च्या जानेवारींतच दिवाळखोरीचा अर्ज केला होता, फूजीनें २०१३ सालीं चित्रपटांची फिल्म विकणें जवळजवळ थांबविलें. वरच्या खोलींतील तबकड्या भंगारांत गेल्या. सर्व पडद्यांचें वेळापत्रक एकाच संगणकावर लावतां येऊं लागलें, आणि सहा ऑपरेटरांपैकीं दोघे पुरेत असें ठरलें. २०१४ सालीं ज्या चौघांना नारळ मिळाला त्यांत तो होता.

"तुमच्या तक्रारींमुळें नव्हे हो, सर," असें तो म्हणाला. दोनदां म्हणाला. दुसऱ्यांदा तो तसें म्हणाला, तेव्हांपासून मला खात्री वाटेनाशी झाली आहे.

त्याच वर्षाच्या अखेरीस प्रभात चित्रगृहाची मुदत संपली. १९३४ पासून चालत आलेलें तें नांव उतरणार म्हणून आम्ही दोघे संध्याकाळीं तेथें जाऊन उभे राहिलों. पुढें तें किबे लक्ष्मी या मूळच्या नांवानें पुन्हां उघडलें. परंतु त्या दिवशीं तें आम्हांस ठाऊक नव्हतें. तो तर पाटीकडे पाहतच नव्हता. वरच्या मजल्यावरील ज्या झरोक्यांतून किरण बाहेर पडतात, तिकडे मान वर करून पाहत होता.

२०१५ सालीं एका संध्याकाळीं मला पुन्हां पडदा अंधारलेला दिसला. या वेळीं दोन्ही डोळे नवे होते. तरी अद्दल घडलेली असल्यामुळें मीं प्रथम एक झांकला, मग दुसरा. दोहोंनाहि सारखाच अंधार. बाहेर येऊन व्यवस्थापकाकडे न जातां मीं त्यालाच फोन लावला. त्यानें आतां मोबाईल दुरुस्तीचें लहानसें दुकान टाकलें आहे. त्यानें एवढेंच विचारलें, "आधींचा खेळ कोणता होता?" मुलांचा, चष्मा लावून पाहावयाचा, त्रिमितीय. "मग त्या चित्रासाठीं भिंगापुढें बसवितात ती कांच काढायची राहिली असेल. निम्म्याहून जास्त उजेड ती खाते. जाऊन सांगा." मीं लाह्या विकणाऱ्या मुलाला सांगितलें, त्यानें आणखी कोणाला सांगितलें, वीस मिनिटांनीं पडदा एकाएकीं लख्ख झाला. सभागृहांत आम्ही साठ-सत्तर माणसें होतों. तोंवर एकानेंहि तक्रार केली नव्हती, आणि वरच्या खोलींत तर कोणी नव्हतेंच.

गेल्या गुरुपौर्णिमेला तो आला होता. पेढ्यांबरोबर एक लहानसें पाकीट माझ्या हातीं दिलें. आंत तीन इंचांची फिल्मची पट्टी, चार चौकटी. कोणत्या चित्रपटाची तें त्यालाहि आठवत नाहीं. एका बाईचा खांदा आणि मागें दार, एवढेंच तींत आहे. जुनी प्रत परत पाठवितांना रिळाच्या टोंकाचा हा तुकडा त्यानें कापून ठेवला होता. "चोरीच म्हणा, सर," तो म्हणाला. मीं ती अमरकोशांत खूण म्हणून ठेविली आहे. परवां सौ.नें ती खिडकीशीं धरून पाहिली आणि मला विचारलें, "अहो, या चारी चित्रांत एकच तर दिसतें आहे, यांत एवढें जपून ठेवण्यासारखें काय?" मीं तिला वरच्या उजव्या कोपऱ्यांतला ठिपका दाखविला.