डोळे झाकून घेऊ नकोस

खामगाव

चि. बाळू यास,


परवा तुझा फोन आला तेव्हा मी बँकेच्या रांगेत होतो, म्हणून नुसतं हूं हूं केलं. तू म्हणालास, "मामा, पुण्याची 2013 ची इनोव्हा आहे, मालक एकच, आणि टोयोटा म्हणजे काय, डोळे झाकून घ्यायची!" ते डोळे झाकणं माझ्या मनातून जाईना. फोनवर हे सगळं सांगता येण्यासारखं नाही, म्हणून लिहायला बसलो. तुझ्या आईलाही वाचून दाखव. तिची एफडी मोडणार आहेस असं मामीकडून कळलं.

धंद्याचा विचार चांगला आहे, त्याला माझा विरोध नाही. शेगावला महाराजांचं दर्शन, मग लोणार, तिथून सिंदखेड राजाला जिजाऊंचं जन्मस्थान, अशी फेरी मागणारी माणसं आता बाहेरून येतात. लोणारच्या सरोवराला 2020 साली रामसर दर्जा मिळाला, समृद्धी महामार्ग तुमच्या मेहकरावरून गेला. घाटावर राहून तुला हे घाटाखालच्या आमच्यापेक्षा सोपं आहे. गाडी लागणार, आणि माणसं सामानासकट मावतील अशीच लागणार.

टोयोटाची पहिली गाडी आपल्याकडे आली ती क्वालिस. जानेवारी 2000 मध्ये ती बाजारात आली तेव्हा शहाणी माणसं हसली होती. इंडोनेशियात किजांग नावाने चालणारी, तिकडे जुनी झालेली गाडी, दिसायला खोका. पण हसणारे दिल्ली-मुंबईत बसून लिहीत होते. इथे कमांडर आणि ट्रॅक्समध्ये कोंबून बसणाऱ्यांनी क्वालिसचं दार लावून पाहिलं आणि त्यांचं मत झालं. राजूर घाटात ती धापा टाकायची नाही, आणि मे महिन्यात मागच्या बाकावरच्या म्हातारीलाही एसीचा वारा लागायचा. मी तेव्हा जिनिंगमध्ये हिशेब लिहायचो, आमची क्वालिस भाड्याला लावलेली. आपले ड्रायव्हर भाऊ तुला आठवत असतील. सकाळी किल्ली लावण्याआधी बॉनेट उघडून ऑइलची पट्टी काढायचे, फडक्याने पुसायचे, पुन्हा बुडवायचे, आणि पट्टीवरचं ऑइल अंगठा आणि तर्जनीत चोळून बघायचे. कचकच लागली की भाडं कितीही मोठं असो, गाडी आधी गॅरेजला. डॅशबोर्डच्या खणात त्यांची वही असायची. तारीख, किलोमीटर, डिझेल, ऑइल, पंक्चर, क्लच, सगळं त्यात. आम्ही ती क्वालिस विकली तेव्हा घेणाऱ्याने आधी वही मागितली, मग किल्ली.

2005 च्या सुरुवातीला कंपनीने चालती-खपती क्वालिस बंद केली आणि इनोव्हा आणली. भाड्याच्या धंद्यातले लोक चिडले होते, मीही चिडलो होतो, कारण इनोव्हा महाग. पण चार-पाच वर्षांत रस्त्यावरचा हिशेब उलटा झाला. लग्नाचं वऱ्हाड असो, आमदारांचा दौरा असो की नागपूरला न्यायचा पेशंट, "इनोव्हा आहे का?" एवढाच प्रश्न. मीही पुढे एक जुनी घेतली. अडीच लिटरचं ते डिझेल इंजिन चार-पाच लाख किलोमीटर धावल्याची उदाहरणं तुलाही ठाऊक आहेत. मी ती नाकारत नाही. ते किलोमीटर कोणी आणि कसे काढले, एवढंच विचारतो.

आता थोडा इतिहास ऐक. तुझ्या गाडीची सुरुवात कापसापासून झाली आहे, आणि कापूस म्हटला की खामगावकराला गप्प बसवत नाही.

साकिची टोयोडा हा एका सुताराचा मुलगा, जन्म 1867 चा. गावात बायका हातमागावर राबायच्या ते बघून त्याने आधी लाकडी माग सुधारला, मग यंत्रावर चालणारा केला. 1924 साली त्याने आणि त्याचा मुलगा किइचिरो याने जो स्वयंचलित माग पुरा केला त्याची गंमत दोन गोष्टींत होती. धोट्यातलं सूत संपलं की माग न थांबता नवा धोटा आपोआप यायचा. आणि धागा तुटला की माग आपोआप थांबायचा. मला विचारशील तर दुसरी गोष्ट मोठी. साध्या मागावर धागा तुटला आणि विणकराचं लक्ष नसलं की वार-दोन वार कापड वाया. हा माग स्वतः थांबायचा, म्हणून एक माणूस कितीतरी माग सांभाळू शकायचा. 1929 साली इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या प्लॅट ब्रदर्सने या मागाचे हक्क एक लाख पौंडांना घेतले. ज्या लँकेशायरने जगाला माग विकले, त्यानेच जपानी सुताराच्या पोराला पैसे मोजले! त्यानंतर माग-कारखान्यातच किइचिरोने मोटारीचा नाद सुरू केला, 1933 मध्ये मोटार विभाग काढला आणि 1937 साली टोयोटा मोटर ही वेगळी कंपनी झाली. पुढे मोटारीच्या कारखान्यातही तोच नियम आला: चूक दिसली की कामगाराने दोरी ओढायची, लाइन थांबवायची. चूक पुढच्या माणसाकडे ढकलायची नाही.

मग जपानच्या गिरण्यांना कापूस कुठून जायचा? बराचसा हिंदुस्थानातून. 1870 साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो जलंब–खामगाव हा रेल्वेचा चिमुकला फाटा उघडायला आपल्या गावी आला, तो कापसासाठीच. तेव्हा आपल्या गाठी इंग्लंडच्या वाटेने जायच्या. 1893 मध्ये जमशेटजी टाटांनी जपानच्या निप्पॉन युसेन कैशा या जहाज कंपनीशी हात मिळवून मुंबई–कोबे वाहतूक सुरू केली आणि कापसाची पूर्वेकडची वाट मोठी झाली. आखूड धाग्याचा आपला देशी कापूस जपानी गिरण्या अमेरिकन कापसात मिसळून कातत. त्या व्यापारात मित्सुई ही बडी पेढी होती. तिचा कापूस विभाग 1920 साली तोयो मेन्का या नावाने वेगळा झाला. त्याच्या प्रमुखांपैकी एक इचिझो कोदामा. याचा धाकटा भाऊ साकिचीचा घरजावई झाला, टोयोडा आडनाव लावून रिझाबुरो टोयोडा बनला आणि 1937 मध्ये टोयोटा मोटरचा पहिला अध्यक्ष झाला. म्हणजे थोरला कापसात, धाकटा मोटारीत. आणि तोयो मेन्काची पुढची कंपनी 2006 साली टोयोटाच्याच व्यापारी कंपनीत विलीन झाली. जिनिंगमध्ये सरकी आणि रुईचे हिशेब लिहिताना हे मला माहीत असतं तर मी शेठजींना जरा ऐटीत सांगितलं असतं.

आपल्याकडे ही गाडी किर्लोस्करांच्या भागीदारीत आली, तीही कापसाच्याच वाटेने. 1995 मध्ये दोघांची पहिली भागीदारी झाली ती सूतगिरणीच्या यंत्रांची, मोटारीची कंपनी 1997 ची. बेळगावात 1888 साली सायकलचं दुकान काढणारे, पुढे लोखंडी नांगर करणारे लक्ष्मणराव हे विक्रम किर्लोस्करांचे पणजोबा. आपल्या विहिरीवरचं इंजिन त्याच घराण्याचं. विक्रमराव 29 नोव्हेंबर 2022 ला गेले; त्याआधी चारच दिवस ते नव्या इनोव्हा हायक्रॉसच्या अनावरणाला उभे होते. तरी "आपल्या मराठी माणसाची गाडी" असं म्हणून भावनेच्या भरात पैसे मोजू नकोस. कंपनीत किर्लोस्करांचा हिस्सा साधारण 11 टक्के, बाकी जपानचा, आणि कारखाना बंगळुरूजवळ बिडदीला. तिथेही 2020-21 मध्ये टाळेबंदी आणि कामगारांचा संप महिनोनमहिने चालला होता. सगळं गोडच आहे असं नाही.

त्याहून महत्त्वाचं आता सांगतो. जानेवारी 2024 मध्ये टोयोटाने स्वतः जाहीर केलं की तिच्या काही डिझेल इंजिनांच्या प्रमाणपत्राच्या चाचण्यांत गैरप्रकार झाले. ताकद मोजताना आकडे सरळ दिसावेत म्हणून इंजिनाला विक्रीच्या गाडीपेक्षा वेगळं सॉफ्टवेअर लावलं होतं. आपल्याकडे इनोव्हा क्रिस्टा, फॉर्च्युनर आणि हायलक्स यांची रवानगी काही दिवस थांबवली गेली. चाचण्या कोणी केल्या होत्या? टोयोटा इंडस्ट्रीजने, म्हणजे साकिचीच्या त्याच माग-कारखान्याने. धागा तुटला की थांबणारा माग जिथे बनायचा, तिथेच धागा तुटला आणि कोणी दोरी ओढली नाही. गाडी त्याने वाईट ठरत नाही, रस्त्यावरची इंजिनं काही बंद पडली नाहीत. पण नावावर डोळे झाकणाऱ्याला याहून चांगलं उत्तर माझ्याकडे नाही.

तेव्हा तुझ्या पुण्याच्या गाडीकडे वळू.

"एकच मालक" याला अर्थ नाही. तो मालक कंपनीच्या कर्मचाऱ्यांना रात्रंदिवस ने-आण करणारा असेल तर गाडीने एका आयुष्यात तीन आयुष्यं काढली असतील. मीटर मागे फिरवलेलं असू शकतं, नुसत्या त्यावर जाऊ नकोस. ड्रायव्हरच्या बाजूचं सीट किती बसलंय, क्लच-ब्रेकच्या पायपट्टीचं रबर किती झिजलंय, स्टीअरिंग कुठे गुळगुळीत झालंय, ते बघ. आणि या अडीच लिटरच्या इंजिनात टायमिंग बेल्ट आहे. क्रिस्टात साखळी आली, यात पट्टा. तो ठरलेल्या अंतरावर बदलावाच लागतो, आणि वेळ झाली की डॅशबोर्डवर त्याचा दिवा लागतो. धागा तुटण्याआधी सांगणारी सोय आहे ती. पण बेल्ट न बदलताही तो दिवा विझवता येतो, आणि विकायच्या गाडीत असं करणारे महाभाग असतात. बेल्ट तुटला तर इंजिनाचा खर्च तुझ्या पहिल्या वर्षाची कमाई खाईल. म्हणून दिवा बघू नकोस, बेल्ट बदलल्याची पावती माग. पावतीवर किलोमीटर लिहिलेले असतात, ते मीटरशी ताडून बघ. गाडी थंड असताना सुरू करून मागे उभा राहा, धुराचा रंग बघ. इंजेक्टर एकेक बदलायचा म्हटला तरी हात भाजतो.

टायर मात्र कसेही असोत, चारही नवे घाल, स्टेपनीसकट. घाटातल्या रस्त्यावर जुना टायर चालून जातो, समृद्धीवर नाही. मोकळा काँक्रीटचा रस्ता, उन्हाळा, भरलेली गाडी आणि एकसारखा वेग, यात टायर तापतो आणि माणसाला झोप येते. 1 जुलै 2023 च्या पहाटे सिंदखेड राजाजवळ खासगी बस जळून 25 माणसं गेली, ते आपल्या जिल्ह्याने पाहिलंय. रात्रीचं भाडं घेतलंस तर दुसरा ड्रायव्हर हवा. तेवढे पैसे सुटत नसतील तर भाडं सोड.

पांढऱ्या पाटीवर प्रवासी भरायचे नाहीत. सगळे करतात हे मला माहीत आहे. अपघात झाला की विमा कंपनी पहिला प्रश्न तोच विचारते, आणि मग घर विकायची वेळ येते. एमएच 28 वर पिवळी पाटी, परमिट, फिटनेस आणि प्रवाशांचा विमा यांचा खर्च गाडीच्या किमतीतच धर. तो धरून इनोव्हा परवडत नसेल तर सीएनजीची एर्टिगा घे, लाज वाटून घेऊ नकोस. टोयोटाचंच चिन्ह हवं असेल तर रुमियन म्हणजे एर्टिगाच आहे, आणि ग्लान्झा म्हणजे बलेनो. सुझुकीशी भागीदारी करून टोयोटाने नुसतं नाव चढवलंय. फक्त सीएनजीची टाकी मागे सामानाची जागा खाते, आणि शेगावहून परतणाऱ्या माणसाकडे पिशव्या कमी नसतात. सहा माणसं आणि त्यांचं सामान रोज न्यायचं असेल तर जुनी पण नीट ठेवलेली इनोव्हा अजूनही बरी, हे माझं मत.

आणखी एक. 31 जुलै 2024 ला टोयोटाने राज्य सरकारशी छत्रपती संभाजीनगरच्या कारखान्यासाठी सुमारे 20,000 कोटींचा सामंजस्य करार केलाय. पैठण रस्त्यावर बिडकीनला जागा आहे. देऊळगाव राजा, सिंदखेड राजाची आयटीआयची पोरं तिथे लागू शकतील. तुझ्या धाकट्या भावाला फिटरचा ट्रेड सोडू देऊ नकोस.

तुला घाई आहे, माल हातचा जाईल असं दलाल म्हणतोय. जाऊ दे. इनोव्हा बाजारात पुष्कळ आहेत. बयाणा देण्याआधी सर्व्हिसच्या पावत्यांचे फोटो मला पाठव, आणि रविवारी गाडी बघायला जाशील तेव्हा सोबत आपल्या गॅरेजवाल्यांना ने, त्यांचं भाडं आणि जेवण मी देतो. टायमिंग बेल्टची पावती नसेल तर गाडी घेऊ नकोस.

तुझा,
मामा