एकटीचा गायनवृंद

आयर्लंडच्या वायव्य टोकाला, डोनेगल परगण्यात, ग्वीडोर नावाचा प्रदेश आहे. अटलांटिकच्या वाऱ्याने झोडपलेला, खडकाळ, आणि आजही जेथे आयरिश भाषा घराघरांत जिवंत आहे असा. तेथील डेरीबेगच्या सेंट मेरी चर्चमध्ये एक संगीतशिक्षिका गायनवृंद चालवीत असे. तिला नऊ मुले. त्यांतील सहावी, १९६१ साली जन्मलेली मुलगी आईच्या हाताखाली त्याच वृंदात गाऊ लागली. तीच पुढे एन्या या नावाने जगाला ठाऊक झाली. ज्या संगीताला बाजाराने ‘न्यू एज’ अशी चिठ्ठी डकवली, त्यातील सर्वांत विख्यात गायिकेची पहिली शाळा म्हणजे एक कॅथलिक देऊळ होते, ही गोष्ट वाद घालताना सहसा कोणी लक्षात घेत नाही.

वाद आपल्या धर्मग्रामांतही होतो. पवित्र साक्रामेंताच्या आराधनेत किंवा तपसाधनेत ही संथ सुरावट लावावी काय? एक पक्ष म्हणतो, मन शांत होते ना, मग हरकत कसली? दुसऱ्याला त्यात प्राचीन केल्टिक पुरोहितांच्या होमाचा धूर दिसतो. मला दोन्ही पक्ष घाईचे वाटतात.

माझ्या घरात हे संगीत आले ते आईच्या अखेरच्या दुखण्यात. चार महिने तिला रात्रीची झोप नव्हती. दिवसा शेजारणी येत, जपमाळ होई, कोणी पेज आणून देई; पण रात्री दोन वाजता कोण येणार? भाच्याने दिलेली ‘वॉटरमार्क’ची कॅसेट मी अगदी हलक्या आवाजात लावीत असे. १९८८ सालच्या या संग्रहातील ‘ओरिनोको फ्लो’ हे गाणे ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेले होते. आईला मात्र त्यातले दुसरेच एक गीत भावले, लॅटिनमधील ‘कुर्सुम पेर्फिचिओ’. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपूर्वीची लॅटिन मिस्सा तिने बालपणापासून ऐकलेली. अर्थ कळत नसे, पण नाद हाडात मुरलेला होता.

“हे कुठल्या देवळातलं रे?” तिने विचारले.

“आयर्लंडचं आहे, आई.”

तेवढे तिला पुरले. ती डोळे मिटून पडली.

खरे म्हणजे ते कोणत्याच देवळातले नव्हते. ‘मी माझी धाव पूर्ण करीत आहे’ असा त्या शब्दांचा अर्थ. तिमथीला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रातील संत पौल चटकन आठवावा. पण हेच शब्द मेरिलिन मन्रो ही नटी १९६२ साली लॉस एंजेलिसमधील ज्या घरात वारली, त्या घराच्या दारातील फरशीवरही होते! एन्याच्या गीताचा उपासनेशी संबंध नाही. आईला हे मी सांगितले नाही, आणि सांगण्याची गरजही मला कधी वाटली नाही.

या संगीताच्या मोहिनीचे मर्म मला त्या रात्रींतच उमगू लागले. एन्या काही काळ आपल्या भावंडांच्या आणि मामांच्या ‘क्लॅनड’ या चमूत होती. १९८२ साली ती निकी रायन या ध्वनिसंयोजकाबरोबर आणि त्याची पत्नी, गीतकार रोमा रायन हिच्याबरोबर बाहेर पडली. निकीच्या मनात एक कल्पना होती : एकाच कंठातून सारा वृंद उभा करायचा. एन्या तीच ओळ पुनःपुन्हा गाते आणि ते सारे आवाज एकावर एक रचले जातात. तबकडीतून जणू उंच दगडी कमानींखालचा घुमारा उमटतो. ढोलाचा आघात बहुधा मागे राहतो. खाली लांबवलेला, जवळजवळ न हलणारा आधारस्वर असतो, आणि तंबोऱ्याची सवय असलेल्या आपल्या कानाला तो परका वाटत नाही.

एवढा मोठा वृंद, पण माणूस एकच. कोणी बेसूर होत नाही, कोणी उशिरा येत नाही, कोणाला खोकला येत नाही. एन्याने एकटीच्या मैफलींचा दौराही कधी केलेला नाही. रात्री दोन वाजता, जेव्हा खरोखरच कोणी येऊ शकत नव्हते, तेव्हा हा शेजाऱ्यांवाचूनचा वृंद आमच्या उशाशी येऊन बसे. त्याबद्दल मी कृतज्ञ आहे. मात्र रविवारच्या मिस्सेत मला तो नको. तेथे मला शेजाऱ्याचा खोकला ऐकायचा असतो.

आपली ख्रिस्तसभा या बाबतीत अनेक उत्साही प्रवचनकारांपेक्षा अधिक संयमी आहे. २००३ साली व्हॅटिकनच्या दोन परिषदांनी ‘न्यू एज’ विचारसरणीवर एक दीर्घ चिंतन प्रसिद्ध केले. त्या विचारसरणीवर त्यात कठोर प्रश्न आहेत. पण संगीताच्या नोंदीत म्हटले आहे की हा मोठा व्यवसाय आहे, त्यातील काही संगीत केल्टिक म्हणवते, काही लोकांना त्या पंथाकडे ओढण्यासाठी असते, परंतु बहुतेक निव्वळ व्यापारी किंवा कलात्मक स्वरूपाचे असते. एवढा विवेक आपल्यालाही पुरावा.

आणखी एक उदाहरण. लॉरीना मॅकेनिट या कॅनडाच्या गायिकेने १९९४ सालच्या ‘द मास्क अँड मिरर’ या संग्रहात क्रूसाच्या संत योहानाच्या ‘काळोखी रात्र’ या कवितेला चाल लावली. चाल अतिशय गोड आहे. मला वाटते, जरा जास्तच गोड. हा संत १५७७-७८ मध्ये टोलेडोत आपल्याच संघबंधूंच्या कैदेत महिनोन्‌महिने कोंडला गेला होता. त्याच्या रात्रीत आत्म्याचे सांत्वनसुद्धा काढून घेतले जाते. थकवा घालवणारी शांती वेगळी आणि ही शांती वेगळी. तरीही त्या तबकडीमुळे एखाद्याने योहानाचे पुस्तक उघडले, तर मी तक्रार करणार नाही.

मागे आमच्या युवकांनी आराधनेसाठी असे संगीत लावण्याविषयी विचारले, तेव्हा मी सुचवले की माणसे येऊन बसेपर्यंत लावा. पवित्र साक्रामेंत वेदीवर आला की बंद करा आणि आपलीच भक्तिगीते घ्या, पेटी थोडी उतरलेली असली तरी चालेल. बरीच चर्चा झाली. शेवटी त्यांच्यातील एका मुलीने आपल्या अंथरुणाला खिळलेल्या आजीसाठी माझ्याकडे ती कॅसेट मागितली. तिच्या घरी कॅसेट लावण्याचे यंत्र नव्हते. दुसऱ्या दिवशी तिने कॅसेट परत आणून दिली. गाणी तिला फोनवरच सापडली होती.