काम्पेनचे डॉक्टर कोल्फ

आमच्या घरी गेली चार वर्षे आठवड्याची मोजदाद शब्बाथवरून होत नाही. रविवार, मंगळवार आणि गुरुवार हे माझ्या वडील बंधूच्या डायालिसिसचे वार. बाकीचे दिवस त्यांच्या मधले. मूत्रपिंडे निकामी झाल्यापासून दर खेपेस चार तास यंत्राशेजारी बसून दादा आपले रक्त शुद्ध करून घेतो. त्याच्या डाव्या हातात शस्त्रक्रियेने एक शीर धमनीस जोडली आहे. तिच्यावर कान ठेवला तर घाण्यासारखी अखंड घरघर ऐकू येते. आपण शनवार तेल्यांचे वंशज, तेव्हा घाणा अंगातच आला, असे तो हसून सांगतो.

सोबत बसणाऱ्यास वेळ पुष्कळ. त्या वेळात या यंत्राचा मूळ कर्ता कोण याचा शोध मी घेऊ लागले. शिक्षिकेची खोड, दुसरे काय! जे हाती लागले त्यात आपणा यहुदी जनांचाही एक धागा निघाला, म्हणून ते वाचकांपुढे ठेवीत आहे.

विलेम कोल्फ यांचा जन्म १९११ साली हॉलंडातील लायडन येथे झाला. वडील क्षयरोग्यांच्या आरोग्यधामाचे प्रमुख होते. माणसे मरताना पाहावी लागतील या भीतीने मुलाला डॉक्टर व्हावयाचे नव्हते; आपण प्राणिसंग्रहालय सांभाळावे अशी त्याची इच्छा. लिहिण्यावाचण्यात तो अडखळे. आज ज्यास डिस्लेक्सिया म्हणतात, तो दोष त्या काळी ओळखला जात नव्हता. अशी मुले माझ्याही वर्गात आली आहेत, त्यामुळे या मजकुरापाशी मी बराच वेळ थांबले.

१९३८ साली ग्रोनिंगेनच्या रुग्णालयात २२ वर्षांचा एक शेतकरीपुत्र त्यांच्या देखरेखीखाली होता. मूत्रपिंडे हळूहळू बंद पडून तो मरत होता, आणि काळा पोशाख केलेल्या त्याच्या आईस, तुझा एकुलता एक मुलगा वाचणार नाही, हे तरुण कोल्फना सांगावे लागले. त्यानंतर त्यांनी हिशेब मांडला. रोज २० ग्रॅम युरिया रक्तातून बाहेर काढता आला असता, तर हा मुलगा जगला असता. केवढासा आकडा! चहाचे चार-पाच चमचे.

त्यांचे विभागप्रमुख प्राध्यापक पोलाक दॅनियल्स हे यहुदी होते. मे १९४० मध्ये जर्मन सैन्य हॉलंडात शिरले, आणि प्राध्यापकांनी व त्यांच्या पत्नीने स्वतःच आपली जीवनयात्रा संपविली. त्यांच्या जागी नाझी माणूस नेमला गेला. त्याच्या हाताखाली काम करणे कोल्फनी नाकारले आणि ते काम्पेन नावाच्या लहानशा गावी निघून गेले.

कृत्रिम मूत्रपिंड जन्मास आले ते या गावात, शत्रूच्या अमलाखाली. सॉसेजवर चढवितात त्या सेलोफेनची लांबच लांब नळी लाकडी पट्ट्यांच्या पिंपाभोवती गुंडाळावयाची, पिंपाचा खालचा भाग क्षारयुक्त पाण्याच्या टबात बुडवावयाचा, आणि नळीतून रुग्णाचे रक्त खेळवीत पिंप फिरते ठेवावयाचे. युरियाचे सूक्ष्म कण नळीच्या छिद्रांतून पाण्यात उतरतात. रक्तपेशी मोठ्या, त्या आतच राहतात. गावातील एनॅमलच्या कारखान्याचे चालक बेर्क यांनी हे काम करून दिले. धातूंची टंचाई होती, म्हणून लाकूड.

मार्च १९४३ मध्ये या यंत्रावर पहिली रुग्ण आली, २९ वर्षांची. तिचे रक्त १२ वेळा शुद्ध केले, परंतु दर वेळी नवी रक्तवाहिनी कापावी लागे आणि शेवटी कापण्याजोगी उरलीच नाही. दादाच्या हातातील घरघरीचे मोल मला हे वाचल्यावर कळले. ही अडचण दूर होण्यास स्क्रिब्नर यांची १९६० सालची नळी आणि १९६६ साली सिमिनो व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेली शिराजोडणी यावी लागली.

पहिल्या १६ रुग्णांपैकी केवळ एक वाचला, आणि तो यंत्रामुळेच वाचला असे कोल्फ छातीठोकपणे सांगत नसत. तरी ते थांबले नाहीत.

मग सप्टेंबर १९४५ मध्ये सतरावी रुग्ण आली. युद्ध संपले होते. ६७ वर्षांची ही बाई नाझींना साथ दिल्याबद्दल कैदेत होती. तिच्यासाठी गावात कुणाच्या डोळ्यांत पाणी येणार नव्हते. ११ तास यंत्र चालले, ती शुद्धीवर आली आणि पुढे काही वर्षे जगली. आता मी नवऱ्याशी काडीमोड घेणार, हे तिचे पहिले बोल होते, असे कोल्फ सांगत. नवरा नाझींच्या विरोधातला होता!

दादाला मी हे वाचून दाखविले आणि म्हणाले, "इतकी माणसे गेली, आणि वाचली ती ही?"

"बाय," तो म्हणाला, "माझ्या शेजारच्या खुर्चीतला माणूस कोण, कुणाला मत देतो, हे सुई टोचणारीला ठाऊक असते का? आणि ठाऊक असावे असे तुला वाटते का?"

मला हे इतके सोपे वाटत नाही. शेतकऱ्याचा तो मुलगा वाचला असता, तर वर्गात सांगावयास ही गोष्ट किती सोयीची झाली असती! परंतु नाझी वरिष्ठ ज्यांनी नाकारला, त्यांना माणसामाणसातला फरक कळत नव्हता असे कोण म्हणेल? त्या ११ तासांत आपल्या गुरूची आठवण त्यांना झाली असेलच. त्यांनी यंत्र चालू ठेवले.

पुढची हकीकत थोडक्यात सांगते. यंत्राचे पेटंट त्यांनी घेतले नाही. युद्धकाळात बांधलेली यंत्रे लंडन, न्यूयॉर्क, पोलंड अशा ठिकाणी देऊन टाकली. १९५० साली ते अमेरिकेस गेले, कृत्रिम हृदयावरही काम केले, आणि २००९ साली वारले. युद्धात एका यहुदी सहकारी डॉक्टरास व त्याच्या मुलास लपविण्यात त्यांचा व त्यांच्या पत्नीचा हात होता. त्याबद्दल २०१२ साली याद वाशेमने उभयतांना हसीदे उमोत हाओलाम म्हणून गौरविले.

दादाच्या डॉक्टरीणबाईंना मी त्या सतराव्या रुग्णाविषयी विचारले. गोष्ट त्यांना ठाऊक होती. "खुर्चीतल्या माणसाला मी पहिल्यांदा वजन विचारते," त्या म्हणाल्या, आणि दादाच्या रक्ततपासणीचा कागद पाहू लागल्या. पोटॅशियमचा आकडा वर गेला होता, आणि तो फार वाढला तर हृदय बंद पडण्याचे भय असते. आदल्याच दिवशी आमच्या पुतण्याच्या घरी मलिदा होता.

"केळे किती खाल्ले?" त्यांनी विचारले.

"एलियाहू हन्नाबीच्या नावाचे अर्धे," दादा म्हणाला.

"आणि खजूर?"

दादा माझ्याकडे पाहू लागला.